सतरा नंबर आणि न दिसणारे बोल्ट : नऊ महिन्यांचा वापर

जुन्या गाडीचं इंजिन उतरवताना न दिसणारे बोल्ट सोडवायला घेतलं ते असं. १७ नंबरचा (म्हणजे १७ मिलिमीटरचं डोकं धरणारा) लांब दांड्याचा, मान वळणारा रॅचेट रिंग पाना, बोल्टवरून न काढता मागेपुढे हलवत फिरवता येणारा. अंगातच युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) असलेलं १७ चं सॉकेट. आणि ६० सेंटीमीटर लांबीचा, अर्ध्या इंची चौकोनाचा एक्स्टेन्शन, म्हणजे सॉकेट आणि रॅचेटचा दांडा यांच्या मधली सळई. तिन्ही मिळून साधारण ९० युरो. ऑक्टोबरात घेतलं, आता जुलै संपत आलाय. मधल्या काळात तीनदा इंजिन उतरवून झालं, दोनदा आमच्या गाडीचं आणि एकदा मित्राच्या. नवं हत्यार हातात आलं की पहिल्या आठवड्यात सगळंच झकास वाटतं, म्हणून तेव्हा लिहिलं नव्हतं.

गाडी १९७३ ची फोक्सवॅगन टाइप २, मागच्या बाजूला १६०० सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, ५० पीएस (हॉर्सपॉवर). जर्मनीत हिला लाडानं ‘बुल्ली’ म्हणतात. मी राहतो हॅनोव्हरला, आणि १९५६ पासून या गाड्या याच शहरात बनत होत्या. त्यामुळे सुटे भाग आणि फुकटचे सल्ले, दोन्हींचा तुटवडा नाही.

इंजिन उतरवायची वेळ का आली, तर क्लच घसरत होता आणि फ्लायव्हीलमागच्या (क्लच ज्यावर बसतो त्या जड चाकामागच्या) सीलमधून तेल गळत होतं. दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत असं टपटपणारं इंजिन दाखवून भागत नाही.

हे इंजिन गिअरबॉक्सला चारच ठिकाणी बांधलेलं असतं. चारही एम-१० (१० मिलिमीटर जाडीचे), चारही १७ नंबरचे. शिवाय मागच्या टोकाला आधाराचा आडवा बार असतो, पण त्याचे बोल्ट डोळ्यांना दिसतात, हात पोचतो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. चारांपैकी खालचे दोन म्हणजे इंजिनातून आलेले स्टड (बिनडोक्याचे, पक्के बसवलेले बोल्ट) आणि गिअरबॉक्सच्या बाजूनं लावलेले नट. आडवं पडून साध्या सोळा-सतराच्या पान्यानं ते सुटतात. त्यांच्यासाठी ९० युरो घातले असं कुणी सांगितलं तर मी हसेन.

त्रास वरच्या दोघांचा.

डावीकडचा वरचा बोल्ट क्लचच्या लिव्हरच्या वर, गिअरबॉक्सच्या बाजूनं आत जातो. पलीकडे नट धरावा लागत नाही, तिकडे आटे बसवलेलेच असतात. खाली पडून बघितलं तर डोकं दिसत नाही, बोटांना लागतं तेवढंच. उजवीकडचा वरचा तर दुहेरी नोकरी करतो. तोच इंजिन धरतो आणि तोच स्टार्टरचं वरचं टोकही धरतो. त्याचं डोकं इंजिनाच्या बाजूला, पंख्याच्या मोठ्या पत्र्याच्या कव्हरमागे दडलेलं, आणि नट स्टार्टरवर. म्हणजे एका माणसाला दोन्ही टोकं एकाच वेळी हाताशी येणं अशक्य. हे कारखान्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्या बोल्टचं डोकं षटकोनी नसून इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं एका बाजूनं सपाट असतं. ती सपाट बाजू इंजिनाच्या कवचाला टेकते आणि बोल्ट जागच्या जागी फिरत नाही. कागदावर तरी.

आता पहिला प्रयोग, नोव्हेंबरातला. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. घराखालच्या रस्त्यावर इंजिन उतरवलं तर शेजारी आधी खिडकीतून बघतील आणि मग फोन करतील. म्हणून तासाच्या भाड्यानं लिफ्ट मिळते अशा गॅरेजमध्ये गेलो. तासाला २० युरो. घड्याळ चालू असताना बोल्ट अडला की माणूस चुका करतो. मीही केली.

डावीकडच्या बोल्टला रॅचेट रिंग पाना लावला. सुटायला जड गेला नाही, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. पान्याला ७२ दात आहेत, म्हणजे ५ अंश हलवायला जागा मिळाली तरी एक दात पुढे जातो. साध्या पान्याला इथे दर खेपेला काढून परत बसवावं लागतं. हा टिक-टिक-टिक करत मस्त निघाला. मी खूश. एवढा खूश की बोल्टचं डोकं मागे सरकत सरकत पुढच्या लोखंडाजवळ जातंय हे लक्षातच आलं नाही. डोकं आणि लोखंड यांच्यात जी फट उरली ती पान्याच्या डोक्याच्या जाडीपेक्षा कमी. पाना आता बोल्टवरून निघेना. आणि हा पाना एकाच दिशेचा, दिशा बदलायची तर काढून उलटा करून लावावा लागतो. काढायलाच येत नसेल तर उलटा करणार कसा?

कोल्हापूरला उद्यमनगरात मामांचं गॅरेज होतं, माझी सगळी हत्यारविद्या तिथली. फोन लावला. मामा आधी पोटभर हसले. “आरं, पाना आत अडकला व्हय? मग आता इंजिनासकट घरी ने की.” मग म्हणाले, “रिंग पुढं ढकल, इंजिनाकडं. डोकं उघडं पडंल. त्याला फिक्स पाना घाल नि बोल्ट परत आत घे. घाई करू नको, लेका.”

तसंच केलं. रिंग बोल्टच्या दांड्यावर पुढे सरकवली, डोकं बाहेर आलं, पातळ फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्यानं पाव-पाव फेरा देत बोल्ट परत आत घेतला, तेव्हा कुठे पाना सुटला. या उपद्व्यापात पन्नास मिनिटं गेली. तेव्हापासून रॅचेट पाना फक्त पहिल्या चार-पाच फेऱ्यांपुरता, पुढचं काम सॉकेटचं किंवा बोटांचं. विक्रेत्याच्या पानावर पान्याची लांबी, वजन, पॉलिश, आजन्म हमी, सगळं लिहिलेलं होतं. असा सापळा लागू शकतो हे कुठेही नव्हतं. मान वळणारा घ्यायचाच असेल तर दिशा बदलायची कळ असलेला घ्या. डोकं थोडं जाड होतं, पण अशी फजिती होत नाही.

उजवीकडचा वेगळाच निघाला. बॅटरीची तार आधी काढलीच होती. ती काढल्याशिवाय त्या कोपऱ्यात पाना घालूच नये, कारण स्टार्टरवरच्या जाड तारेत बॅटरीचा करंट कायम असतो, चावी बंद असली तरी. लांब लोखंडी एक्स्टेन्शन एका बाजूनं तिथे आणि दुसऱ्या बाजूनं बॉडीला टेकला तर काय होईल ते सांगायला नको. तर नटाला जोर लावला, नट फिरला, आणि फिरतच राहिला. सुटत मात्र नव्हता. पलीकडे बोल्टही सोबत फिरत होता. आधीच्या कुणा मालकानं ‘डी’ डोक्याच्या बोल्टऐवजी पेटीत सापडला तो साधा षटकोनी बोल्ट ठोकून दिला होता.

आता त्या कव्हरमागे हात घालायचा म्हणजे माझा पंजा मनगटापाशीच अडतो. सोबत आलेल्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांचा हात गेला. इंजिनाच्या डब्यात डोकं घालून, गाल पत्र्याला टेकवून, न बघता त्यानं पाना डोक्यावर बसवला. तीनदा निसटला. “बाबा, तुम्ही फिरवायच्या आधी सांगत का नाही?” हे वाक्य त्या दिवशी मी बरेचदा ऐकलं. चौथ्यांदा त्यानं “हं, आता” म्हटलं, मी खालून सॉकेट फिरवलं, आणि नट निघाला.

इथे कौतुक करायचं ते सॉकेटचं. स्टार्टरवरच्या नटासमोर सरळ रेषेत जागा नाही. पण ६० सेंटीमीटरचा एक्स्टेन्शन गिअरबॉक्सच्या कडेनं, अॅक्सलच्या वरून पुढे काढला की त्याचं दुसरं टोक ऐसपैस मोकळ्या जागेत येतं. तिथे रॅचेटचा दांडा पूर्ण फिरतो. फक्त शेवटच्या टप्प्यात थोडा कोन राहतो, तेवढा तो जॉइंट सांभाळतो. नुसतं सॉकेट आणि वेगळा युनिव्हर्सल जॉइंट जोडूनही हे जमतं, मी आधी तसंच करत असे. पण दोन तुकड्यांची लांबी वाढते, जॉइंट लोंबकळतो, आणि नटावर बसवताना सॉकेट मान टाकतं. एकसंध सॉकेटमध्ये स्प्रिंग आहे, त्यामुळे वळवलं तिथेच ते थांबतं. आंधळेपणानं नट शोधताना हे फार मोलाचं. ज्यात स्प्रिंग नाही ते स्वस्त मिळतं, पण त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे देऊन ते ताठ करावं लागतं. मित्राचं तसंच आहे आणि त्याचंही चालतं, हेही कबूल करतो.

फेब्रुवारीत इंजिन परत उतरवलं, कारण नवं सील मी तिरकं बसवलं होतं. दोष ना पान्याचा ना सीलचा. त्या वेळी उजवीकडे खरा ‘डी’ डोक्याचा बोल्ट होता, मी नोव्हेंबरातच बदलून घेतला होता. चार-पाच युरोची वस्तू. मुलाला सोबत न नेता, एकट्यानं, वरचे दोन्ही बोल्ट मिळून पंचवीस मिनिटांत मोकळे झाले. म्हणजे नीट हिशेब केला तर सगळ्यात जास्त वेळ वाचवला तो त्या चार युरोच्या बोल्टनं. जुनी गाडी घेतली असेल तर पान्यांच्या जाहिराती बघण्याआधी आरसा आणि टॉर्च घेऊन बघा, तिथे बोल्ट कुठला आहे.

बसवतानाचा अनुभव वेगळा सांगतो, कारण तिथे रॅचेट पाना मला थेट नकोसा वाटतो. हे चार नट-बोल्ट ३० न्यूटन-मीटरलाच आवळायचे असतात. ऐकायला फारच कमी वाटतं. त्याच इंजिनावर फ्लायव्हीलचा ३६ चा नट जवळजवळ ३५० ला आवळतात, आणि सव्वाशे किलोच्या आसपासचा अख्खा डोलारा धरणाऱ्यांना ३०? पण या इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. हलकं आहे खरं, पण आट्यांच्या बाबतीत नाजूक. लांब दांड्याच्या पान्यानं सहज एक हिसका दिला की हातातच कळतं, आधी घट्ट होत आलेला बोल्ट अचानक लोण्यासारखा फिरायला लागतो. आटे गेले. मग इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) बसवत बसा. माझे गेले नाहीत, पण एप्रिलमध्ये मित्राच्या गाडीवर डावीकडचा तसा आधीच गेलेला सापडला, आणि तो दुरुस्त करण्यात सबंध शनिवार गेला. म्हणून बसवताना बोल्ट आधी बोटांनी जितका जाईल तितका, मग एक्स्टेन्शन आणि टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते कळवणारा). जॉइंट जास्त वाकलेला असेल तर टॉर्कचा आकडा बिनभरवशाचा, हे मात्र लक्षात ठेवा. शक्य तितका सरळ धरा.

आणखी एक. इंजिन मागे ओढताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत जॅक खालून काढायचा नाही. वरचे बोल्ट सुटले की सुटल्यासारखं वाटतं आणि माणूस ढिला पडतो. इंजिन त्या शाफ्टवर लोंबकळलं तर क्लच प्लेट वाकते. गंज लागलेल्या बोल्टला तापवून सोडवायची सवय असलेल्यांनी इथे ती सवय आवरावी. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढ्यातच आहे आणि पन्नास वर्षं जुन्या रबरी नळीवर मी तरी विश्वास ठेवत नाही. तेल मारा, रात्रभर थांबा, परत तेल मारा.

नऊ महिन्यांत हत्यारांची स्थिती अशी. सॉकेट ठणठणीत, काळा थर थोडा निघालाय. एक्स्टेन्शनच्या टोकाला सॉकेट अडकवून ठेवणारी गोळी अजून घट्ट आहे. ती सैल झाली तर सॉकेट नटावरच राहून एक्स्टेन्शन रिकामा परत येतो, आणि मग स्टार्टरवर चुंबक घेऊन मासे पकडायला बसावं लागतं. रॅचेट पान्याची मान पाचव्या महिन्यात ढिली झाली. छोटा स्क्रू आवळला की महिनाभर टिकते, परत ढिली. दात तुटलेले नाहीत, पण मी त्यानं कधी जाम बोल्ट फोडलेलाही नाही. पहिला हिसका नेहमी साध्या रिंग पान्याचा.

परत घ्यायचं झालं तर सॉकेट आणि एक्स्टेन्शन डोळे मिटून घेईन, त्या दोघांचे साधारण ५० युरो वसूल झाले. तुमच्याकडे १९७१ च्या आधीचं इंजिन असेल तर ठेवण थोडी वेगळी निघते, सोबत दुसरा माणूस लागतोच, तेव्हा हा सगळा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

रॅचेट पाना एप्रिलपासून मित्राकडे आहे. मी मागितलेला नाही.