पावतीवरचा नोंदणी क्रमांक खराच होता

मार्चअखेरीची गोष्ट. ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिस पुलाखाली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली दोन तरुण मुलं उभी होती. हातात केस गेलेल्या लहान मुलीचा लॅमिनेट केलेला फोटो आणि उपचारांच्या खर्चाची झेरॉक्स. "सर, पैसे नकोत, फक्त दोन मिनिटं द्या." दोन मिनिटं संपायच्या आत क्यूआर कोड पुढे आला, वर "८०जीची पावती आहे, टॅक्स वाचेल". मी २,५०० रुपये पाठवले. शिक्का मारलेली पावती जागेवर मिळाली. त्यावर ट्रस्टचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, सगळं व्यवस्थित छापलेलं.

रिटर्न भरताना सीएने विचारलं, "१०बीई कुठाय?" ८०जीच्या, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीच्या, वजावटीसाठी संस्थेने आयकर पोर्टलवरून काढून दिलेलं हे प्रमाणपत्र लागतं, नुसती हातपावती चालत नाही. पावतीवरचा मोबाइल बंद. मग ट्रस्टची नोंदणी ज्यांच्याकडे होते त्या धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक शोधला. ट्रस्ट सापडला, पण भलत्याच जिल्ह्यातल्या एका देवस्थानाचा! त्यांचा क्रमांक उचलून यांनी आपल्या पावतीपुस्तकावर छापला होता. यूपीआयच्या नोंदीत पैसे घेणाऱ्याचं नाव पाहिलं, तर ते एका माणसाचं. ट्रस्टचा कुठे पत्ताच नाही. हे नाव पैसे पाठवण्याआधीच स्क्रीनवर येतं. व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

संस्था नोंदणीकृत नसेल, तर वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली परवानगी लागते. गणेश मंडळांची पोरं दरवर्षी याच परवानगीसाठी धावपळ करतात. स्टेशनबाहेर फाइल घेऊन उभ्या असलेल्यांकडे मात्र ती कोणी मागताना मी तरी पाहिलेलं नाही. ती दोन मुलं कमिशनवर राबणारी असतील, त्यांनाही सगळं ठाऊक असेलच असं नाही. पावतीपुस्तक छापणारा वेगळाच असणार.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलीस चौकीत गेल्यावर पहिला प्रश्न आला, "ओटीपी दिला होता का?" नाही म्हटल्यावर, "मग तुम्हीच दिलेत ना पैसे?" अशा वेळी अर्जात "धर्मादाय देणगीच्या नावाखाली फसवणूक" असं स्पष्ट लिहा, संकेतस्थळावरच्या नोंदीची प्रिंट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडा, आणि एक प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही देऊन पोच घ्या. मूळ पावती कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या.