स्पेस इंजिन: ग्रहाचं नाव खरं, चेहरा कल्पनेतला

जूनमध्ये मळभ धरलं की कोकणात आकाश धड दिसायला नवरात्र उजाडतं. भिंगाला बुरशी येऊ नये म्हणून दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात जाते आणि आकाश बघणाऱ्यांचे चार महिने रिकामे पडतात. या दिवसांत संगणकावर बसून परक्या सूर्यमालांमध्ये हिंडायचं असेल, तर स्पेस इंजिन या प्रोग्रॅमच्या तोडीचं दुसरं काही सध्या तरी नाही. मात्र ते कसं वाचायचं हे कळलं नाही तर हाती फक्त वॉलपेपर लागतात.

व्लादिमीर रोमान्युक या रशियन प्रोग्रॅमरने २०१० मध्ये याची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. कित्येक वर्षं ते फुकट मिळत होतं, जून २०१९ पासून स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत मिळतं. चालतं फक्त विंडोजवर. आत हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेले लाखभर तारे आहेत, आजवर सापडलेल्या परग्रहांपैकी पुष्कळसे आहेत, खऱ्या दीर्घिका आहेत. जिथे माणसाची मोजमापं संपतात तिथे प्रोग्रॅम स्वतःच्या नियमांनी तारे, ग्रह, चंद्र घडवतो. हे घडवणं अंदाधुंद नाही. ठरलेल्या बीज-आकड्यावरून गणित चालतं, त्यामुळे देवगडच्या संगणकावर दिसलेला डोंगर त्याच आवृत्तीत अलिबागच्या संगणकावरही त्याच जागी, तेवढ्याच उंचीचा असतो. आवृत्ती बदलली तर मात्र घडवलेलं जग बदलू शकतं. ०.९८० मधल्या जागांचे पत्ते ०.९९० मध्ये चालेनासे झाले. एखादा ग्रह आवडला तर त्याच्या पत्त्याशेजारी आवृत्तीचा आकडाही लिहून ठेवावा.

आता मुद्द्याचं. पडद्यावरचं काय मोजलेलं आणि काय रंगवलेलं? ताऱ्याच्या नावाची सुरुवात ‘आरएस’ने झाली तर तो प्रोग्रॅमने घडवलेला, ‘आरजी’ने झाली तर दीर्घिका घडवलेली. एवढं सोपं आहे. फसगत होते ती खऱ्या ताऱ्यांपाशी. ज्या खऱ्या ताऱ्याभोवती अजून एकही ग्रह सापडलेला नाही, त्यालाही प्रोग्रॅम आपल्या मनाने ग्रह देतो. खऱ्या परग्रहांना चंद्र देतो. वास्तविक सूर्यमालेबाहेरचा एकही चंद्र आजवर निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या शताब्दी उपक्रमात भारताकडून ‘बिभा’ हे नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. त्याच्या ग्रहाचं नाव ‘संतमस’. एफ३ दाबून शोधपट्टीत एचडी ८६०८१ टाका, तारा निवडा, जी दाबा, प्रोग्रॅम तिथे घेऊन जाईल. गुरूच्या जातीचा हा ग्रह २.१४ दिवसांत ताऱ्याला एक फेरी मारतो. हा आकडा मोजलेला आहे. वस्तुमान गुरूच्या दीडपट, पण ते किमान वस्तुमान. कारण ग्रह सापडला तो ताऱ्याच्या पुढे-मागे हलण्यावरून, आणि त्या पद्धतीत कक्षेचा कल कळत नाही. त्रिज्या तर कोणी मोजलेलीच नाही. म्हणजे पडद्यावर दिसणारा त्याचा आकार हा अंदाज, पट्टे आणि रंग ही कल्पना.

याच्या उलट ट्रॅपिस्ट-१. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या या लाल खुज्या ताऱ्याचे सातही ग्रह त्याच्या बिंबासमोरून जातात, त्यामुळे त्यांच्या त्रिज्या नीट मोजल्या गेल्या आहेत. प्रोग्रॅमचा कस इथे लागतो आणि तो उतरतोही छान. या ग्रहांना आतून बाहेर बी ते एच अशी अक्षरं आहेत. ई ग्रहावर जा. एका फेरीला त्याला ६.१ दिवस लागतात. ताऱ्याचं बिंब आकाशात सव्वादोन अंशांच्या आसपास भरायला हवं, म्हणजे आपल्या सूर्याच्या चौपट रुंद. मग एल दाबत काळाचा वेग वाढवा (के ने कमी होतो, जे ने उलटा फिरतो, स्पेसबारने थांबतो). आतल्या बाजूचा डी ग्रह साधारण दर १२ दिवसांनी ई ला गाठून पुढे जातो. जवळ असताना त्याचं बिंब आपल्या चंद्राएवढं, जरा मोठंच, अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. बाहेरच्या एफ शी अशी गाठ १८ दिवसांनी पडते. हे आकडे कक्षांच्या अंतरावरून वहीत काढता येतात आणि पडद्यावर तपासता येतात. या प्रोग्रॅमचा खरा आनंद इथे आहे असं आमचं ठाम मत आहे.

बिंब वहीतल्या आकड्याएवढं वाटत नसेल तर दोष बहुतेक वेळा फील्ड ऑफ व्ह्यूचा, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य मावतं या सेटिंगचा असतो. २४ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून बघितला तर तो डोळ्यांपुढे आडवा जेमतेम ४८ अंश आणि उभा २८ अंश भरतो. सेटिंग त्याहून रुंद ठेवलं की सगळं आकाश आक्रसतं आणि चंद्राएवढा ग्रह टिकलीएवढा दिसतो.

ट्रॅपिस्टच्या बी आणि सी ग्रहांवर दाट हवा दाखवली गेली तर विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने दोन्हींची उष्णता मोजली. बी ची दिवसाची बाजू सुमारे २३० अंश सेल्सियस निघाली आणि तिथे हवेचं आवरण असल्याचं चिन्ह मिळालं नाही. सी वरही कार्बन डायऑक्साइडचं शुक्रासारखं जाड आवरण नाही.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यायची. इथला प्रत्येक ग्रह आपापल्या ठरलेल्या लंबवर्तुळावर फिरतो, ग्रह एकमेकांना ओढत नाहीत. ट्रॅपिस्टच्या ग्रहांची खरी लय परस्परांच्या ओढीने टिकलेली आहे, डी च्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात ई च्या दोन. पडद्यावर काळ हजारो वर्षं पुढे रेटला की ही लय सुटत जाते. सूर्याचं वस्तुमान दुप्पट केलं तर काय, चंद्र पृथ्वीवर आदळला तर काय, असे प्रश्न असतील तर युनिव्हर्स सँडबॉक्स हा दुसरा प्रोग्रॅम घ्यावा, ते गुरुत्वाकर्षण खरोखर सोडवतं.

समुद्रकाठच्या माणसाला पहिली खटकणारी गोष्ट मात्र वेगळीच असेल: इथल्या समुद्रांना भरती-ओहोटी नाही. ग्रहाला तीन चंद्र असोत, पाण्याची पातळी तीच. हा हिशेब आपण करायचा. एफ२ ने त्या सूर्यमालेची यादी उघडा, चंद्राचं वस्तुमान आणि अंतर घ्या. आपल्या चंद्राच्या तुलनेत वस्तुमान किती पट ते काढा आणि त्याला अंतराच्या पटीच्या घनाने भागा. वस्तुमान निम्मं पण अंतरही निम्मं असेल तर ०.५ भागिले ०.१२५, म्हणजे भरतीचा जोर चौपट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. त्यावरून अशा जगातल्या खाडीची कल्पना करा. अर्थात जोर चौपट म्हणजे पाणी नेमकं चौपट चढेल असं नाही, खाडीचं तोंड आणि तळाचा उतारही त्यात भाग घेतात. कोकणातल्या शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा.

वस्तीयोग्य ग्रह शोधायला शिफ्ट+एफ३ ने तारे-शोधक उघडतो. त्रिज्या आधी ५० ते १०० प्रकाशवर्षंच ठेवा. एकदम हजार टाकली की ताऱ्यांची संख्या त्रिज्येच्या घनाने वाढते आणि यादी भरताना संगणक गुदमरतो. ग्रहांची वर्णनं तीन भागांत वाचायची: तापमान, पाण्याचं प्रमाण, जात. टेम्परेट मरीन टेरा म्हणजे सौम्य हवेचा, समुद्र असलेला खडकाळ ग्रह. एअरलेस फेरिया म्हणजे हवा नसलेला, लोखंड जास्त असलेला. जीवसृष्टी आहे असं लिहिलेलं असलं तरी झाडं-प्राणी शोधू नका. वनस्पती जमिनीवरच्या रंगाच्या छटेतच दिसते. उतरताना माउसच्या चाकाने वेग कमी करत जा, नाहीतर ग्रह मागे पडतो आणि काळ्या पोकळीत हरवल्यासारखं होतं. तसं झालंच तर ग्रह पुन्हा निवडून सी ने समोर आणा आणि जी दाबा.

आता यंत्रसामग्री. चार जीबी व्हिडिओ मेमरीत (ग्राफिक कार्डावरच्या) काम चालतं, सहा-आठ असेल तर सुख. मेमरी कमी पडली की जमीन जवळ गेल्यावरही धूसर राहते, चौकोनी तुकडे उशिरा भरतात. अशा वेळी एलओडीचा (किती बारकावे दाखवायचे ते ठरवणारा) सरकपट्टा एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंगला हात लावू नका. लॅपटॉपवर सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक अशी की प्रोग्रॅम वेगळं ग्राफिक कार्ड सोडून प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालतो. पडदा अडखळतो, कधी ग्रह काळेच दिसतात आणि माणूस प्रोग्रॅमला दोष देतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन स्पेस इंजिनची फाइल जोडा आणि हाय परफॉर्मन्स निवडा. कोणतं कार्ड वापरलं जातंय ते स्पेस इंजिनच्या सिस्टिम फोल्डरातल्या लॉग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. पहिल्यांदा सुरू करताना शेडर (ग्राफिक कार्डाला रंग-प्रकाश कसा रंगवायचा ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार व्हायला बराच वेळ लागतो. प्रोग्रॅम अडकला असं समजून बंद करू नका.

डिस्कवर ६०-७० जीबी मोकळी ठेवा, शक्यतो एसएसडीवर. मंगळ, गुरू, शनी यांचे एचडी नकाशे फुकट आहेत पण वेगळे उतरवावे लागतात, आणि परके ग्रह बघायला त्यांची गरज नाही. गावात फोरजीच्या जिवावर नेट चालत असेल तर ते पहिल्या दिवशी टाळाच. शहरातल्या कोणाकडे चांगलं फायबर असेल तर स्टीमच्या बॅकअप सुविधेने प्रोग्रॅम पोर्टेबल डिस्कवर आणता येतो, फक्त परवाना तुमच्या खात्यावर हवा. डिस्क फॅट३२ स्वरूपाची नको, तिच्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. एकदा बसवलं की स्टीमच्या ऑफलाइन मोडमध्ये नेटशिवाय चालतं. मालवणपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही वादळवाऱ्यात नेट गेलं तरी अडत नाही, हा याचा एलिट डेंजरससारख्या खेळांवर मोठा वरचष्मा आहे. तिथे आकाशगंगा पूर्ण आकाराची असली तरी सर्व्हरशी जोडणी लागतेच.

लाईट जाण्याचं मात्र बघावं लागतं. ग्राफिक कार्डाचा डेस्कटॉप ग्रहावर उतरताना ३५० वॉटच्या आसपास खेचतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस इथे उपयोगाचा नाही, त्याची मर्यादाच साधारण ३६० वॉट. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची नवी बॅटरी दोन-अडीच तास निभावते, तेही त्यावर पंखे-दिवे चालत नसतील तर. सेटिंगमध्ये फ्रेम दर (सेकंदाला किती चित्रं) ३० ला बांधला की ताण बराच उतरतो. ग्रह बघायला तेवढा पुरतो. किनाऱ्यालगत खारा वारा आणि जांभ्याची तांबडी धूळ मिळून पंख्याची पाती वर्षभरात लिंपून टाकतात, मग कार्ड तापून वेग आपोआप घटतो. पावसाळ्यापूर्वी एकदा साफ करून घ्यावं आणि पावसात संगणक रोज अर्धा तास तरी चालू ठेवावा.

मे महिन्यात आकाश मोकळं असताना एक प्रयोग करण्यासारखा आहे. महिनाअखेरीस रात्री अकराच्या सुमारास नरतुरंगातला मित्र तारा दक्षिणेला येतो. मालवणहून तो क्षितिजापासून १३ अंशच वर चढतो, म्हणून किनाऱ्याऐवजी दक्षिण मोकळी असलेला सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार, गाठावा. किनाऱ्यावर टेकडी आडवी येते. डोळ्यांनी तो तारा बघून घ्या, घरी येऊन स्पेस इंजिनमध्ये त्याच्यापाशी जा, मग सूर्य निवडा आणि सी दाबा. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या ओळीपुढे सहावा ठळक तारा जोडलेला दिसेल. तो आपला सूर्य.

शाळेत जुने संगणक असतील तर सेलेस्टिया बसवा. ते फुकट आहे, लहान आहे, लिनक्सवरही चालतं. घडवलेले ग्रह त्यात नाहीत, जमिनीवर उतरण्याची मजाही नाही, पण सूर्यमाला आणि खरे तारे शिकवायला पुरेसं आहे. तिकीट लावून कार्यक्रम करायचे असतील तर स्पेस इंजिनचा साधा परवाना चालत नाही, प्रो जोड वेगळी घ्यावी लागते.

विकत घेताना सेलची वाट पाहायला हरकत नाही. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वापर असताना पैसे परत मिळतात. उतरवण्याचा वेळ यात धरत नाहीत, पण शेडर तयार होण्याचा वेळ धरला जातो. म्हणून त्या दोन तासांत फिरत बसू नका. आधी ग्राफिक कार्ड तपासा, मग मंगळावर उतरा, मग शिफ्ट+एफ३ ने शोधलेल्या एखाद्या समुद्री टेरावर. जमीन अर्ध्या मिनिटात स्पष्ट झाली नाही तर एलओडी खाली आणून पुन्हा उतरा. तरीही धूसरच राहिली तर पैसे परत मागा आणि आधी ग्राफिक कार्ड बदला.