पॅकीमीटरचे अकरा महिने: मशीन उत्तम, वायर नाही

अल्ट्रासाऊंड पॅकीमीटर (कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजणारं मशीन) घेऊन अकरा महिने झाले, आज लिहायला बसलो ते प्रोबच्या, म्हणजे डोळ्याला टेकवायच्या दांडीच्या वायरमुळे. प्रोबच्या मानेपाशी ती रोज थोडी थोडी वाकते आणि शेवटी आतून तुटते. गेल्या आठवड्यात पेशंटच्या डोळ्यात सुन्न करायचे थेंब टाकून झाले आणि मशीन नुसतं बीप करतंय, आकडा नाही. फोन केला तर म्हणे प्रोब वॉरंटीत येत नाही, नवा घ्या. अहो प्रोबशिवाय त्या डब्याचं करायचं काय? तीनदा विचारलं, उत्तर नाही.

मापाबद्दल मात्र माझं मत बदललंय. सुरुवातीला एका काकूंचं 538 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आलं आणि त्याच काकू शहरातून ओसीटी (प्रकाशाने केलेला डोळ्याचा स्कॅन) करून आल्या तर 512. ग्लॉकोमाचा (काचबिंदूचा) संशय असलेला पेशंट, त्यात डोळ्यातलं प्रेशर मोजणारा गोल्डमन टोनोमीटर साधारण 520 जाडी गृहीत धरून बनवलेला, कॉर्निया पातळ असला की प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणजे एका आकड्याने एक अर्थ, दुसऱ्याने उलटा. मला वाटलं मशीनच खराब दिलंय.

चूक माझी होती. कॉर्निया मधे पातळ आणि कडेला जाड होत जातो, प्रोब जरा सरकला किंवा तिरका झाला की आकडा चढतो, आणि मी सगळ्या रीडिंगची सरासरी काढत बसलो होतो. आता समोर खूण लावलीय, पेशंटची नजर तिथेच, पाच रीडिंग, आणि परत परत येणारा सगळ्यात कमी आकडा घेतो. एकटाच खाली आलेला आकडा सोडतो, कारण प्रोब दाबला गेला तरी जाडी कमी येते. काकूंना परत बोलावलं, 521 आलं. उरलेला फरक पद्धतीचा, ओसीटी अल्ट्रासाऊंडपेक्षा थोडं कमीच दाखवतं. कॉर्नियाचा नकाशा काढणारं जुनं ऑर्बस्कॅन मशीन उलट जास्त दाखवायचं, म्हणून तिथे 0.92 ने गुणायचे. त्यामुळे फॉलोअपला मशीन बदलू नका, प्लीज.

लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन) किंवा केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन टोकदार होण्याचा आजार) असेल तर मी सरळ पेंटाकॅम या स्कॅनिंग मशीनला पाठवतो, तिथे पूर्ण नकाशा लागतो, सगळ्यात पातळ जागा मधोमध असेलच असं नाही. बाकी रोजच्या ग्लॉकोमाच्या पेशंटला हे पुरतं, आणि छोट्या क्लिनिकला परवडतं.

नवा प्रोब घ्यावाच लागला, फार जड गेलं. तुम्ही घेणार असाल तर कोटेशनमधे प्रोबची वेगळी किंमत आणि वॉरंटी लिहून घ्या. मी आता स्लिट लॅम्पशेजारी (डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपशेजारी) हुक ठोकलाय, वायर लोंबकळू देत नाही.