पश्चिमेची गळकी खिडकी आणि न्यूट्रल सिलिकॉन : सात महिन्यांनंतर

खिडकीची चौकट आणि भिंत यांमधला, एप्रिलअखेर या सिलिकॉनने भरलेला सांधा मृगापासून परतीच्या पावसापर्यंत सगळं सोसून नोव्हेंबरात तपासला. खिडकी 4 बाय 4 फुटी, अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग. कोल्हापुरात वाऱ्याबरोबर आडवी झड पश्चिमेकडूनच येते, त्यामुळे खरा कस इथेच लागतो. वरची बाजू आणि दोन्ही कडा घट्ट आहेत. खाली कडप्प्यालगत मात्र वीतभर पट्टी सुटली. दोष मालाचा नाही, तिथली धूळ नीट निघाली नव्हती.

सिलिकॉन आणण्याआधी खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या भोकांतून लगेच वाहून जायला हवं. कित्येक खिडक्या सांध्यातून गळतच नाहीत. भोकांत माती बसते, ट्रॅक तुंबतो आणि पाणी घरात उतरतं. तारेने भोकं मोकळी केली की काम संपतं. सिलिकॉन भरताना ही भोकं चुकूनही बुजवू नका.

नळीवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं बघूनच घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन काचेला ठीक, पण गिलाव्याला नीट धरत नाही आणि धातूही खातं.

जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर नवं चिकटत नाही. बहुतेक कामं इथेच फसतात. फट 6 मिलिमीटरची असेल तर तेवढंच खोल भरा. जास्त खोल असेल तर मागे फोमची दोरी दाबा. सिलिकॉन दोन्ही कडांनाच धरलं पाहिजे. तळालाही चिकटलं की ताण बसून फाटतं. 16 फुटांच्या घेराला साधारण 180 मिली लागतं, म्हणजे 280 मिलीची एक नळी पुरते. दिवसाला 2-3 मिलिमीटरच सुकतं, तेव्हा तीन दिवस पाणी लागू देऊ नका. आणि भरायचं ते बाहेरून. नुसतं आतून बुजवलं तर पाणी भिंतीतच कोंडतं.

गळती थांबली तरी ओल लगेच जात नाही. फुगलेली पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडा. पांढरा क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतला तर विरघळून पुन्हा आत मुरतो. टोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा तोडावाच लागतो. मग फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा. दोन दिवसांनी आतून दव दिसलं, तर पुट्टीची घाई नको.

तक्रार एकच : या सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि पांढरी पट्टी धुळीने मळकट होते. करडी घेतलेली बरी.

सुटलेला भाग कापून, कडप्पा घासून पुसून, याच मालाने पुन्हा भरला आहे. कडप्प्याचा उतारच आत असेल तर मात्र आधी गवंडी बोलवा.