भंडारदऱ्याच्या काठावर कॅम्प आहे? वणव्याआधी पैसा कुठे घालाल

जानेवारी सरत आला की भंडारदऱ्याच्या काठावर कॅम्प चालवणाऱ्यांपुढे दोन काळज्या एकदम उभ्या राहतात. डोंगरावरचं गवत पिवळं पडलेलं असतं आणि धरणाचं पाणी मागे सरकायला लागलेलं असतं. इथल्या घाटघर गावाला आमच्या जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात खरं, पण तो पाऊस चार महिन्यांचा. मार्चनंतर त्याच डोंगरातल्या वाड्यांवर बाया हंडे घेऊन झऱ्याशी ताटकळत बसलेल्या दिसतात. नव्याने तंबू टाकणाऱ्याकडे सगळं करायला पैसा नसतो, म्हणून कोणतं काम कसं करावं आणि आधी कोणतं, एवढंच इथे मांडतो.

जाळरेषा कापून की जाळून?

कॅम्पभोवती गवत नसलेला पट्टा, म्हणजे जाळरेषा, राखली की बाहेरून येणारा वणवा तिथे अडतो. हा पट्टा जाळून केला तर एका सकाळचं काम, खर्च जवळपास नाही. कापून केला तर मजुरी आली, ग्रासकटरचं पेट्रोल आलं आणि कापलेलं गवत बाहेर काढायचे दिवस वेगळेच. नुसत्या हिशेबात जाळणं जिंकतं. तरी मी कापायलाच सांगेन.

वनविभाग जाळरेषा जाळतो तेव्हा कडा आधी साफ केलेल्या असतात आणि पट्ट्याच्या बाजूने सवयीची माणसं उभी असतात. आपल्याकडे असतात दोन आचारी आणि एक ड्रायव्हर. त्यात जमीन चढाची. उतार दर 10 अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. एक झुळूक आली की आग हातातून सुटते, आणि वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्यात त्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बांध आपला होता, हे सांगून सुटका होत नाही.

कापण्याचा खर्च कमी करायचा तर वेळ साधावी लागते. दिवाळीनंतर गवताला अजून वैरणीची किंमत असते. तेव्हा शेजारच्या वाडीत शब्द टाकला तर गुरंवाले स्वतः कापून भारे नेतात. फेब्रुवारीत तेच गवत कुसळाने ताठ होतं, गुरं तोंड लावत नाहीत आणि मजुरी पूर्ण आपल्या अंगावर येते. कापलेलं गवत पट्ट्यातच पसरून ठेवू नका. मग जाळरेषा राहत नाही, जळण वाळत घातल्यासारखं होतं. आम्ही पट्टा 20 फुटांचा ठेवतो, आणि ज्या बाजूने आग चढून येऊ शकते तिथे 30. झाडांखालचा पाचोळा मात्र दर आठवड्याला झाडावा लागतो, कारण मार्चमध्ये पानगळ थांबत नाही.

पाणी: मोटर, टँकर की टाकी?

धरणातून मोटरने उचलायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. ती मिळाली तरी शेतीचं आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, सुटलं की काठ लांब जातो. पाईप वाढवत न्यावा लागतो आणि पाईपच्या पाण्यातल्या टोकाची झडप, फूटव्हॉल्व्ह, गाळात रुतून बसते. टँकर ऐन एप्रिलमध्ये, म्हणजे गावांनाच पाणी पुरत नाही तेव्हा मागवावा लागतो. आपण दोन पैसे जास्त देऊन तो आपल्याकडे वळवणं मला पटत नाही. म्हणून माझं मत साठवणीच्या बाजूने आहे. थंडीतच 5,000 लिटरच्या दोन टाक्या भरून ठेवा. 30 पाहुणे, माणशी 40 लिटर धरलं तर एका मुक्कामाला 1,200 लिटर जातात. दोन टाक्या आठ मुक्काम चालतात, आगीसाठी राखायचं पाणी सोडलं तर सहा.

इथे एक काम मी कोणालाही चुकवू देणार नाही. एका टाकीला पाहुण्यांचा नळ तळाशी न बसवता तळापासून एक तृतीयांश उंचीवर बसवा आणि आगीसाठीचा नळ अगदी तळाला. पाहुण्यांचं पाणी संपलं तरी खालचं पाणी आपोआप राखलं जातं. कोणाला सांगावं लागत नाही की विनवावं लागत नाही.

विझवायचं साधन

इंजिन पंप दिसायला भक्कम, पण तो वर्षभर पडून असतो. एका मार्चमध्ये पलीकडचा उतार पेटला तेव्हा आमचा सुरूच झाला नाही. दोरी ओढून ओढून हात सोलले. त्या दिवशी काम केलं ते शेतात फवारणीला वापरतो त्या पाठीवरच्या 16 लिटरच्या पंपांनी, ओल्या पोत्यांनी आणि करंजाच्या हिरव्या डहाळ्यांनी. वाडीतले बाबा ओरडून सांगत होते, "समोरून नका जाऊ रे, बगलेनं झोडपा!" पैसे थोडे असतील तर चार फवारणी पंप आणि पाचोळा ओढायची चार दाताळी घ्या, इंजिनाचं नंतर बघू.

मोठी आग आपण विझवायचीच नाही. वनविभागाच्या 1926 वर फोन करायचा आणि पाहुण्यांना घेऊन खाली उतरायचं. मागे सरकलेलं पाणी इथे कामी येतं. काठाचा उघडा, तडकलेला गाळ जळत नाही, त्याच्याइतकी सुरक्षित जागा आसपास दुसरी नाही. मात्र पाण्यालगतचा गाळ ओला असतो, पाय रुततो. वाळलेल्या भागात चुना टाकून जागा आखा आणि तिथवरच्या वाटेवर गाडी लावू देऊ नका.

शेकोटी

खड्ड्यातली की उंच लोखंडी कढईतली, असं विचारतात. जानेवारीपर्यंत कढई चांगली. फेब्रुवारीपासून दोन्ही बंद. एका सकाळी मी आदल्या रात्रीच्या राखेवर पालथा हात धरला, ऊब लागली. काडीने ढवळलं तर तळाशी सुपारीएवढा निखारा होता. वाऱ्याने तो लाल झाला. रात्री त्यावर बादलीभर पाणी ओतलेलं होतं.

कॅम्प बंद ठेवायचा की चालू?

एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत गर्दी तशी बेताचीच, बंद ठेवला तर फारसं जात नाही. खरा पेच मेअखेरचा. काजवे बघायला माणसं येतात ती तेव्हाच, गवत वर्षातलं सर्वांत कोरडं तेव्हाच आणि टाकीही तळाला गेलेली. बंद ठेवला तर वर्षाचं गणित बसत नाही, पूर्ण चालवला तर माणसं आणि पाणी दोन्ही हाताबाहेर जातात. आम्ही पहिला चांगला पाऊस होईपर्यंत तंबू निम्मे करतो, सिगारेट बुकिंगच्या वेळीच नाही सांगतो आणि टाकीचा खालचा नळ रोज संध्याकाळी एकदा उघडून बघतो.