समावेशन सप्ताह की वर्षभराचा कक्ष? गोव्यातील महाविद्यालयांपुढील दोन मार्ग

जूनमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी महाविद्यालयात वर्षभराच्या उपक्रमांचा आराखडा तयार होतो, तेव्हा ‘विविधता आणि समावेशन’ या शीर्षकाखाली काय लिहायचे याचा निर्णय बहुधा बैठकीच्या शेवटच्या काही मिनिटांत होतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात संस्थात्मक मूल्यांना गुण आहेत, त्यामुळे काहीतरी करणे भागच असते. त्या घाईत नजरेसमोर दोन पर्याय असतात. एक म्हणजे व्याख्याने, पथनाट्य, भित्तिपत्रक स्पर्धा आणि परंपरा दिवस यांनी भरलेला वार्षिक सप्ताह. दुसरा म्हणजे विद्यार्थ्यांच्या अडचणींकडे लक्ष देणारा, वर्षभर चालणारा समान संधी कक्ष, ज्याच्या हाताशी सहाध्यायी मार्गदर्शकांची एक फळी असते. प्राचार्य, समन्वयक किंवा विद्यार्थी मंडळाचे सदस्य यांना या दोहोंतून निवड करायची असेल, तर कोणत्या गोष्टी तोलून पाहाव्यात, याचा हा आढावा आहे.

आधी वर्गात कोण बसलेले असते ते पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे 66 टक्के, ख्रिस्ती 25 टक्के आणि मुस्लिम 8 टक्के आहेत. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला आणि आज राज्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. यापलीकडे वास्को, झुआरीनगर अशा भागांत वाढलेली, घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी आणि जन्म इथलाच असूनही ‘भायले’ म्हणजे बाहेरची ठरवली जाणारी मुले आहेत. सत्तरी, सांगे, काणकोण अशा दूरच्या तालुक्यांतील मुलांना परतीची कदंब बस चुकली तर घरी पोहोचणेच अवघड होते. बाहेरून एकजिनसी आणि खेळीमेळीचा वाटणारा गोव्याचा वर्ग प्रत्यक्षात असा अनेक कप्प्यांचा असतो, आणि आडनाव व गाव कळताच कोण कोणत्या कप्प्यातला हे इथे कुणालाही ओळखता येते.

सप्ताहाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण त्याची टिंगल करणे सोपे आहे. सप्ताहाला सभागृह, ध्वनिक्षेपक, दोन-तीन वक्त्यांचा प्रवासखर्च आणि विद्यार्थ्यांचा उत्साह एवढे पुरते. चार दिवसांत शेकडो विद्यार्थ्यांपर्यंत विषय पोहोचतो, आणि आजवर ज्याबद्दल कुणी उघड बोललेच नव्हते ते व्यासपीठावरून बोलले जाते, याचे मोल कमी नाही. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा दिव्यांग व्यक्ती दयेचा विषय म्हणून नव्हे तर उत्सवाच्या यजमान म्हणून राजधानीत वावरल्या. ते दृश्य एखाद्या परिपत्रकाने घडले नसते. ज्या महाविद्यालयात हा विषय कधीच निघालेला नाही, तिथे पहिल्या वर्षी सप्ताह हाच योग्य आरंभ ठरू शकतो.

तरीही सप्ताहात काय घडते ते जवळून पाहावे. परंपरा दिवशी लाल चौकड्यांची कुणबी साडी नेसून मुली रंगमंचावरून चालतात, मागे ढोलाचा ठेका असतो आणि छायाचित्रे उत्तम येतात. ती साडी नेसलेल्यांत कुणबी घरातली मुलगी अनेकदा नसतेच. ती असते प्रेक्षकांत, आणि आजीचा रोजचा पेहराव टाळ्यांचा विषय झाल्यावर अभिमान वाटावा की अवघडावे हे तिला ठरवता येत नाही. तिला व्यासपीठावर बोलावले जाते ते ‘अनुभवकथन’ करण्यासाठी. आपल्यावर झालेल्या अन्यायाची किंवा आपल्या जिद्दीची गोष्ट दहा मिनिटांत सांगून तिने इतरांचे प्रबोधन करावे, अशी अपेक्षा असते. माझ्या मते सप्ताहाचा सर्वांत मोठा दोष हा आहे. ज्यांच्यासाठी उपक्रम, त्यांच्याच डोक्यावर श्रमांचा भार पडतो आणि बाकीचे केवळ श्रोते राहतात.

कक्षाचे काम याच्या नेमके उलट, म्हणजे न दिसणारे असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य दिव्यांगत्वांची संख्या 7 वरून 21 वर नेली आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या. प्रवेश मिळाल्यानंतर मात्र परीक्षेला उत्तरे लिहून देणारा लेखनिक लागतो, प्रत्येक तासामागे किमान 20 मिनिटांचा जादा वेळ द्यावा लागतो, म्हणजे दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटे. त्यासाठी स्वतंत्र खोली, तेवढा वेळ थांबणारा पर्यवेक्षक आणि आधीच मंजूर झालेला अर्ज लागतो. ही साखळी कुणीतरी सांभाळावी लागते. ती सांभाळणारे कुणी नसेल तर अल्पदृष्टी असलेला विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या दिवशी लेखनिक शोधत फिरतो, मग सप्टेंबरात दिव्यांगत्वावर कितीही सुंदर पथनाट्य झालेले असो.

उतारमार्गाचीही (रॅम्प) हीच गत आहे. उंची आणि लांबी यांचे मान्य प्रमाण 1:12 आहे. प्रत्येकी 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर 45 सेंटिमीटर उंचीसाठी 5.4 मीटर लांबीचा उतार हवा, शिवाय वर-खाली सपाट जागा हवी. प्रत्यक्षात दोन मीटरच्या अंतरात बसवलेले उतार सर्रास दिसतात, ज्यांवरून चाकाची खुर्ची मदतीविना चढवणे जवळजवळ अशक्य आणि उतरवणे धोक्याचे असते. त्यात आपला पावसाळा. जूनपासून चार महिन्यांत गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरते आणि कागदावर पूर्ण झालेली सोय ऑगस्टात निसरडी होते. त्या उतारावर खरखरीत पृष्ठभाग करून घेणे, कठडा बसवणे आणि दर पंधरवड्याला तो घासून घेणे हे वर्षभर लक्ष ठेवणाऱ्याचेच काम आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा असा आणखी एक मुद्दा भाषेचा आहे, आणि समावेशनाच्या आराखड्यांत तो बहुधा सुटतो. चौथीपर्यंत मराठी माध्यम आणि पाचवीपासून इंग्रजी असा प्रवास केलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येते, प्रश्नोत्तरे पाठ करून लिहिताही येतात. पण वर्गात उभे राहून शंका विचारण्याइतकी ती भाषा त्याच्या जिभेवर नसते. त्याचे गप्प राहणे शिक्षकांना अनास्थेचे वाटते. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापरालाही वाव ठेवला. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मात्र शिष्यवृत्तीची मुदत, वसतिगृहाचे नियम, तक्रारीची पद्धत हे सारे बहुधा इंग्रजीतच असते. कक्षाने या सूचना मराठी आणि कोंकणीतही लावल्या, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात आठवड्यातून दोन तास नवख्यांसोबत बसवले आणि शंका कोणत्याही भाषेत विचारण्याची उघड मुभा दिली, तर त्याला फारसा पैसा लागत नाही. कन्नड किंवा हिंदी घरांतून आलेल्या मुलांनाही याच मुभेचा लाभ होतो, हे आपल्यापैकी काहींना रुचत नसले तरी लक्षात घ्यावे.

केवळ एकत्र आणल्याने दुरावा कमी होतो का, यावर भारतातच झालेले दोन अभ्यास येथे उपयोगी आहेत. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात 1,261 तरुणांचा समावेश असलेल्या प्रयोगात क्रिकेट स्पर्धांतून जातींमधील संपर्काचा अभ्यास केला. एकाच संघात खेळलेल्यांमध्ये जातीबाहेरची मैत्री वाढली आणि स्वजातीयांना झुकते माप देण्याची वृत्ती घटली. प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आलेल्यांमध्ये मात्र असा चांगला परिणाम दिसला नाही, काही बाबतींत उलट परिणाम झाला. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतील खासगी शाळांचा अभ्यास केला, जिथे 2007 पासून गरीब मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या. तिथे श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी झाल्याचे आढळले, आणि त्यात एकाच अभ्यासगटात प्रत्यक्ष एकत्र काम करण्याचा वाटा मोठा होता.

हे निष्कर्ष आपल्या दोन पर्यायांना लावून पाहावेत. सप्ताहातील स्पर्धांसाठी विद्यार्थी स्वतःच संघ जमवतात, म्हणजे एकाच शाळेतून आलेले, एकाच गावातले, एकाच भाषेत हसणारे एकत्र येतात आणि दुसऱ्या तशाच गटाला हरवायला निघतात. विविधतेच्या नावाने भरलेली स्पर्धा अशा रीतीने कप्पे अधिक घट्ट करू शकते. उलट प्रयोगशाळेतील जोड्या, प्रकल्पांचे गट आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातील तुकड्या हजेरीपटावरून मिसळून लावल्या, तर त्यासाठी नवा उपक्रमही नको. या बाबतीत कक्षाचे पारडे स्पष्टपणे जड आहे.

पण कक्षाचे दुखणेही लपवू नये. शासकीय महाविद्यालयात समन्वयक शिक्षकाची बदली होते, आणि जिथे अनेक शिक्षक लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांनुसार मानधनावर आहेत तिथे पुढच्या वर्षी तीच व्यक्ती असेल याची खात्री नसते. कामाच्या तासांत सवलत न देता नेमलेला समन्वयक पहिल्या सत्रानंतर केवळ सहीपुरता उरतो. दुसरी अडचण गोपनीयतेची. गोवा लहान आहे. तक्रार करणारी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि ऐकून घेणारी बाई एकाच तालुक्यातील, कधी एकाच वाड्यावरची निघतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी भेदभावविरोधी अधिकाऱ्याची तरतूद केली, परंतु त्याच्याकडे गेलेली गोष्ट दुपारी कॅन्टीनमध्ये ऐकू आली तर नंतर कुणीही तिकडे फिरकणार नाही. म्हणून नोंदी कुणाकडे राहतील आणि कोण पाहू शकेल हे आधी लेखी ठरवावे. लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत तक्रार समितीकडेच जाव्यात. कक्षाने त्यात हात घालू नये. शिवाय कक्षाच्या कामाची छायाचित्रे निघत नाहीत, त्यामुळे वार्षिक अहवालात त्याचे पान रिकामे दिसते आणि व्यवस्थापनाचा रस ओसरतो. यावर उपाय म्हणून उपस्थितीच्या आकड्यांऐवजी पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात किती जण गेले, लेखनिकाचे किती अर्ज वेळेत मंजूर झाले, पहिल्या सत्रात मागे पडलेल्यांपैकी किती जण सावरले, हे दर वर्षी नोंदवावे.

तिसरा पर्याय श्रेयांक (क्रेडिट) असलेल्या मूल्यवर्धन अभ्यासक्रमाचा. शिकवणारा शिक्षक विषयात रमणारा असेल तर तो उत्तम चालतो, नसेल तर तेही पाठांतर होते. त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

निवड कशी करावी? ज्या महाविद्यालयात एकही शिक्षक आठवड्याला चार तास मोकळे करू शकत नाही, तिथे कक्षाची पाटी लावू नये. तिथे प्रामाणिक, आटोपशीर सप्ताह बरा, मात्र संघ चिठ्ठ्या टाकून मिसळावेत, अनुभवकथनाची सक्ती कुणावर करू नये आणि एक दिवस व्याख्यानाऐवजी परिसराची पाहणी करण्यास द्यावा. ज्यांच्याकडे असा शिक्षक आहे आणि प्राचार्य त्याला वेळापत्रकात सवलत देण्यास तयार आहेत, त्यांनी निधीचा मोठा भाग कक्षाकडे वळवावा व सप्ताह दोन दिवसांवर आणावा. पहिल्या वर्षी लेखनिक आणि जादा वेळ, पहिल्या सत्रातील सहाध्यायी मार्गदर्शन व मिसळलेले प्रकल्पगट एवढी तीनच कामे हाती घ्यावीत. समन्वयकासोबत एक सहसमन्वयक सुरुवातीपासून असावा, म्हणजे बदलीचा आदेश आला तरी नोंदवही, अर्जांचे नमुने आणि लेखनिकांची यादी दुसऱ्याच्या हाती आधीच असेल. दोन दिवसांचा कार्यक्रम चतुर्थीच्या सुट्टीनंतर घ्यावा. तोवर नव्या विद्यार्थ्यांचे प्रकल्पगट जुळलेले असतात आणि कार्यक्रमाची आखणी त्याच गटांकडे सोपवता येते.