गॅलरीतला गवती चहा, पानओवा आणि बाकीची मंडळी: नऊ महिन्यांनंतर

जूनमध्ये पुण्यातल्या आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत 12 इंची सहा ग्रो बॅगा मांडल्या. सकाळी चारेक तास ऊन, मग सावली. एवढ्यावर मार्चपर्यंत काय जमलं ते लिहिते.

सगळ्यात भरभरून दिलं गवती चहानं. चिपळूणच्या मावशीनं ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फुटवे दिले होते, दिवाळीपर्यंत बॅग गच्च भरली. पात ओढून तोडू नका, कडेनं बोट कापतं. बुडाशी चार बोटं ठेवून कात्रीनं कापा, पुन्हा फुटते. चहात घालायची तर दुधाआधी, पाण्याबरोबरच उकळा. वास चांगला उतरतो. बाजारातली जुडी दोन दिवसांत मलूल व्हायची, आता लागेल तेव्हा दोन पाती आणते.

पानओव्याचं पहिलं रोप माझ्याच हातून गेलं. जुलैत पाऊस असूनही रोज पाणी घातलं आणि देठ काळा पडून कुजला. त्याची पानं मांसल, पाणी धरून ठेवणारी. माती वरून सुकल्याशिवाय पाणी नकोच. दुसऱ्यांदा शेजारच्या काकूंकडून वीतभर फांदी आणून खोचली, ती तगली. मसाल्यातला ओवा या झाडाचा नव्हे, वास तेवढा सारखा. बेसनात थोडं तांदळाचं पीठ घालून याच्या पानांची भजी केली की घरात दुसरं काही मागत नाहीत.

पुदिन्याला मात्र वेगळीच कुंडी द्या. मी तो तुळशीच्या बॅगेत लावला आणि त्याच्या धावत्या फांद्यांनी महिन्याभरात तुळशीला घेरलं. तिच्यावर पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीडही आली. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब घालून दर आठवड्याला फवारलं. तीन फवारण्यांनंतर आटोक्यात आली. त्या दिवसांत तुळशीचं पान काढ्यात घातलं नाही.

कोथिंबीर पावसात दोनदा सडली. थंडीत धने रगडून पेरले तेव्हा कुठे चटणीपुरती मिळाली.

कढीपत्ता हळू वाढतो, अजून गुडघ्याएवढाच आहे. ऑक्टोबरमध्ये त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या दिसल्या. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून लिंबावरची फुलपाखरं त्यावरही अंडी घालतात. काढून टाकायला जीव झाला नाही. अर्धं झाड खाल्लं त्यांनी, पण नवी पालवी आली. यंदा कढीपत्त्याचं आणखी एक रोप आणणार आहे, त्यांच्यासाठी.